ज्ञानूची पिशवी

या, पुढं या. असं खांबाला टेकून लांब बसू नका. कीर्तनाला बसल्यावर मांडीला मांडी लागते, तसं सरकून बसा. शेजाऱ्याची ऊब लागल्याशिवाय गोष्टीत रंग भरत नाही. आजची गोष्ट राजा-राणीची नाही. ही एका नळीची आणि तिच्या टोकाला लोंबणाऱ्या पिशवीची गोष्ट आहे, आणि ती पिशवी कसली ते ऐकून कुणी नाक मुरडू नका. बुवा नरदेह दुर्लभ म्हणतात तेव्हा आपण माना डोलावतो ना? मग देह म्हटला की त्याचं सगळंच आलं. पाणी आत गेलं की ते बाहेरही यायला लागतं. ते एक रात्र यायचं थांबलं, आणि बोनकोड्याच्या राजाबाईनं त्या रात्रीला कशी टक्कर दिली, ते ऐका. ऐकून पस्तावला तर उठून जा.

नव्वदीतलं बोनकोडे म्हणजे अर्धं गाव, अर्धं शहर. भोवतालची भातखाचरं गेली, त्यांचे सेक्टर झाले, तरी गावाच्या कडेला एक-दोन तुकडे कुणीतरी हट्टानं पिकवत होतं. भात काढून झाला की त्यात वाल पेरायचे. मार्गशीर्षात खाडीवरनं वारा सुटला म्हणजे वालाच्या फुलांचा आणि चिखलाचा असा मिळून वास घरात शिरायचा. घरांच्या जोत्यांना खालून ओल यायची. जमीनच मुळात खाऱ्या पाण्याची, ती आपला गुण सोडते कुठं!

अशाच एका ओलीच्या खोलीत ज्ञानू आणि राजाबाई भाड्यानं राहत होती. माणसं साताऱ्याकडची. ज्ञानू कांदा-बटाट्याच्या मार्केटात माथाडी. उभा जन्म पाठीवर पोती वाहण्यात गेला. थोरल्या मुलीचं लग्न झालेलं, मुलगा विलास गावाकडं शेत बघत होता. बापाच्या आपरेशनला तो येऊन गेला, पण गव्हाच्या पाण्याची पाळी आली म्हणून त्याला परत जावं लागलं.

आपरेशन लघवीच्या गाठीचं. वाशीच्या दवाखान्यातनं ज्ञानूला घरी सोडलं, ते नळीसकट. नळीचं एक टोक पोटात, दुसरं पिशवीत. सिस्टरनं राजाबाईला समोर बसवून सांगितलं होतं, “आजी, नळीला पीळ पडू द्यायचा नाही. पिशवी भरली की खालची तोटी उघडून ओतायची, आधी आणि नंतर हात साबणानं धुवायचे. पाणी भरपूर पाजायचं. आणि पिशवीत येणं बंद झालं, पोट दुखायला लागलं, तर रात्र असो की पहाट, इकडं आणायचं.”

राजाबाईनं ते सगळं मनात घट्ट बांधून घेतलं. घरी आल्यावर पिशवी खाटेच्या खालच्या दांडीला बांधली, नळी मांडीला चिकटपट्टीनं नीट बसवली, आणि चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. मुकादम हौसेराव आले होते.

हौसेराव म्हणजे ज्ञानूच्या टोळीचे मुकादम आणि सप्त्याचेही कर्ते. गावाच्या कडेच्या मोकळ्या जागेत साताऱ्याकडच्या लोकांनी हरिनामाचा सप्ता बसवला होता. दरवर्षी बसायचा. पहिल्या वर्षी त्या खारट जमिनीत मांडवाचे खांब रोवले होते ते ज्ञानूनं, आणि तेव्हापासून बुवांच्या उजव्या हाताला पहिला टाळकरी कोण, तर ज्ञानू. दुसऱ्या दिवशी काला होता. काल्याचं कीर्तन म्हणजे सगळ्या सप्त्याचा कळस. ज्ञानूनं आपरेशनला जाताना सुद्धा डाक्टरला पहिला सवाल हाच केला होता, की काल्याला उभा राहीन का. डाक्टर म्हणाले होते, उभे राहू नका, बसा. जवळ असेल तर हळूहळू जा. ते ऐकून गडी हसत हसत टेबलावर गेला होता.

हौसेरावांनी चहा घेतला. बशीत फुंकर मारत म्हणाले, “ज्ञानबा, तब्येत महत्त्वाची. उद्या काल्याला तू येऊ नगंस.”

“डाक्टरनी हो म्हटलंय,” ज्ञानू म्हणाला.

“डाक्टरचं सोड. मांडवात वीणा उभी हाय. देवाची तसबीर हाय. तिथं मुताची पिशवी घिऊन बसतो म्हंजी... आरं, आयाबाया असत्यात. लोक काय म्हंतील? भोंगा लावलाय, तुला खाटंवर समदं ऐकू येतंय. काल्याचा परसाद मी सवताच्या हातानं धाडतो.”

ज्ञानूनं तोंड भिंतीकडं केलं. आयुष्यभर कुणापुढं पाठ न वळवलेला माणूस असा भिंतीकडं वळला, तेच राजाबाईच्या काळजाला झोंबलं. तो चिडला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर तिला चाललं असतं.

“मुकादम,” ती म्हणाली, “हिकडं बघा. ह्ये उद्या काल्याला येनार.”

“वैनी, बाईमानसानं ह्यात...”

“बाईमानसानंच रात काढायची हाय न्हवं? मग बाईमानूसच बोलनार.”

हौसेरावांनी बशी खाली ठेवली. “बरं. आधी रात तर काढा. रातच्याला तुंबलं तर पहाटं मांडवात न्हाई, माघारी दवाखान्यात जावं लागंल. मग नळी पुन्यांदा, आपरेशन पुन्यांदा. ह्ये काय पोरखेळ न्हाई. मी आपलं भल्याचं सांगतूय.”

“भल्याचं सांगितलंत, कानावर आलं. उद्या दारात बुक्का लावायला तुमीच असाल न्हवं?”

“मीच असतोय.”

“मग उद्या भेटू,” राजाबाई म्हणाली, आणि त्यांच्या पुढ्यातली कपबशी अशी उचलली की मुकादमांना उठण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

ते गेल्यावर ती नवऱ्याकडं वळली. “काय वं, जीभ दवाखान्यातच ठिवून आलाय जनू?”

“त्येचं काय चुकलं गं,” ज्ञानू भिंतीशीच बोलला. “मलाच किळस येतीया माजी. कुनी बघितलं तर...”

“बघू द्या. गाठ पोटात झाली, डोक्यात न्हाई झाली. पानी प्या.”

“नगं पानी. प्यालो की ती भरती. भरली की तुला ओतावं लागतं.”

“बगा बया! म्हंजी माजं काम वाचवायला मानूस सुकून मरनार. प्या म्हंते न्हवं!”

त्यानं दोन घोट घेतले आणि तांब्या बाजूला सारला.

दिवेलागणीला टोळीतले गडी भेटायला आले. आजारी माणसाला बघायला एकट्यानं जायचं नाही, टोळीनं जायचं, ही त्यांची रीत. नामा पुढं, त्याच्या हातात केळी आणि शहाळी, मागं बाकीचे. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. राजाबाईनं पिशवी तोटीतनं मोकळी केली, हात धुतले, आणि एवढ्यांचा चहा आपल्या शेगडीवर होईना म्हणून पलीकडं घरमालकिणीच्या, वेणूबाईच्या चुलीकडं गेली.

आणि इथंच घोटाळा झाला बघा. घोटाळा द्वेषानं झाला असता तर त्याला शिव्या देता आल्या असत्या. हा मायेनं झाला.

नामा खाटेच्या पायथ्याशी बसला होता. त्याचं लक्ष खाली गेलं. पिशवी फरशीपासून बोटभर वर लोंबत होती, आणि फरशीला ही ओल. आता ज्याचा जन्म थप्पी लावण्यात गेला, त्याला सगळ्यात मोठं पाप कुठलं, तर माल भुईला टेकणं. पोतं ओलीला लागलं की खालचा कांदा सडतो, व्यापारी बोंबलतो, टोळीचं नाव जातं. नामा एकदम म्हणाला, “तात्या, ह्ये काय! माल भुईला?”

ज्ञानूनं मान वाकडी करून बघितलं. त्यालाही ते पटलं. तोही शेवटी हमालच. “व्हय की रं. ह्यांना दवाखान्यातल्यांना काय कळतंय! वर घे.”

नामाच्या कमरेला पोती ओढायचा आकडा होताच. खाटेच्या डोक्याशी कपड्याची दोरी बांधलेली होती. त्यानं आकडा दोरीत अडकवला, पिशवी आकड्याला टांगली, ती ओढली जाऊ नये म्हणून नळीला चांगली ढील दिली. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये, तात्याला लाज वाटू नये, म्हणून वरनं एक टॉवेल टाकला. मग मागं सरून, थप्पी लागल्यावर बघतात तसं मान तिरकी करून बघितलं.

“झ्याक झालं,” ज्ञानू म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदा हसला.

राजाबाई चहा घेऊन आली तेव्हा खाटेभोवती माणसांचं कडं होतं. गडी उठून गेले तेव्हा रात्र पडली होती. तिनं विचारलं, “पिशवी बरी हाय न्हवं?” ज्ञानू म्हणाला, “नामानं चांगली लावून दिलीया.” गोधडी खाटेवरनं खालपर्यंत आली होती, दोरीवर चार कपडे होतेच, त्यात एक टॉवेल. तिनं खाली चटई टाकली, आणि दमलेली बाई, पाठ टेकताच तिचा डोळा लागला.

जाग आली ती ज्ञानूच्या कण्हण्यानं.

“राजे, मुतायला लागलंय. उठव मला, मोरीत जातो.”

“आवं, नळी हाय. सिस्टरनी सांगितलंय, तसं वाटतंच. लागल्यावानी हुतं, पर जोर करायचा न्हाई.”

“वाटतं न्हाई गं, खरंच लागलंय.”

“रामकृष्णहरी म्हना. जाईल.”

तो रामकृष्णहरी म्हणू लागला. मांडवातनं पहाऱ्यावरच्या वीणेकऱ्याचा आवाज येत होता, त्याच्याच लयीत ज्ञानू म्हणत राहिला. पण नाम मध्येच तुटायचं आणि नुसता ‘आई गं’ बाहेर पडायचा. थंडीचे दिवस, आणि त्याच्या कपाळावर घामाचे थेंब. राजाबाईनं उठून त्याच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि तो हात तिथंच थबकला. पोट पखवाजासारखं ताणलेलं.

तिनं दिवा लावला. गोधडी वर केली. खालच्या दांडीला पिशवीच नव्हती!

तिनं ज्ञानूच्या मांडीपासनं नळी बोटानं चाचपत नेली. नळी उशीशी गेली, उशीपासून वर, वर, थेट दोरीपर्यंत. तिनं टॉवेल ओढला. आकड्याला टांगलेली पिशवी, रिकामी, चपटी, तळाशी चमचाभर तांबूस पाणी.

“ही वर कुनी टांगली?”

“नामानं. भुईला माल लागत हुता म्हनून...”

राजाबाईला हसू आलं, रडू आलं आणि संताप आला, ते सगळं एकाच वेळी. “तुमच्या मालाला आग लागली! आवं, माझ्या धन्या, पानी कदी उलटं चढ चढतंय का? गावाकडं नवी नवरी हुते तवा रातरात तुमच्या भनीसंगं दारं धरलंय मी उसात. वाफा वर आन पाट खाली आसंल तर बारं कवा भिजतंय का? येवढं शेतकऱ्याच्या पोराला कळू ने?”

“हमाल झाल्यावर शेत इसरलो गं,” ज्ञानू दात आवळून म्हणाला.

तिनं हात साबणानं धुतले, पिशवी आकड्यावरनं काढली आणि खाली आणली, खालच्या दांडीच्याही खाली. दोघंही नळीकडं बघत राहिले.

काही आलं नाही.

नळीत मध्येच काळसर काहीतरी अडकलं होतं. रक्ताची गुठळी. ज्ञानूनं आता किंकाळीच फोडली. भिंतीपलीकडनं खाट करकरली, आणि वेणूबाई लुगड्याचा पदर सावरत दारात आली. आगरी बाई, आवाज असा की खाडीपलीकडं ऐकू जावा.

“काय झाला गो बाय? भाऊस कनाला वरडतं?”

“तुंबलंय, वेणूबाई. पानी येईना झालंय.”

“मंग बसलीस कनाला? माज्या पोराला उठवतं, रिक्शा आनतं.”

“न्हाई जायाचं!” ज्ञानू ओरडला. “दवाखान्यात न्हाई! गेलो की पुन्ना सोडत न्हाईत. काला जाईल माजा.”

राजाबाईनं त्याच्या डोळ्यांत डोळे घातले. “ऐका. काला मला बी पायजे. त्या मुकादमाला मी सबूद दिलाय. पर तुमी त्याच्याहून पयले पायजेसा. वेणूबाई, रिक्शा आना, दारात हुबी करा. ती येईस्तवर मी बघते. आलं तर आलं. न्हाई आलं तर मुकाट जायचं, तवा तुमचा हट बी ऐकायची न्हाई आन देवाचा बी न्हाई.”

वेणूबाई धावली. राजाबाईनं ज्ञानूला हळूच कुशीवर घेतलं, नळी पायाखाली कुठं दबली का बघितलं, पीळ सरळ केला. वॉर्डात एकदा असंच झालं होतं तेव्हा सिस्टरनं काय केलं ते तिनं कोपऱ्यात उभं राहून पाहिलं होतं. पोटाजवळची नळी एका हातानं धरून ठेवायची, म्हणजे आत ओढ बसत नाही, आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीनं नळी दाबत दाबत पिशवीकडं न्यायची. तिनं तसं केलं. एकदा. परत एकदा. तिची बोटं खुरप्यानं राठ झालेली, पण त्या वेळी अशी हलकी चालत होती, जणू तान्ह्या लेकराचा डोळा पुसतेय.

“पांडुरंगा,” ती पुटपुटत होती, “तुजं नाव घ्यायलाच उद्या येनार हाय ह्यो मानूस. तुला नगं असंल तर तसं सांग तोंडावर. पर असं नळीत बसून छळू नगंस.”

बाहेर रिक्षाचा आवाज आला. वेणूबाई दारातनं म्हणाली, “चल गो, उचला त्याला.”

आणि नळीतलं ते काळं हललं. बोटभर सरकलं. थांबलं. परत सरकलं. मग एकाएकी पिशवीत जाऊन पडलं, आणि त्याच्यामागं धार लागली. लाल, मग तांबूस, थांबेचना. पिशवी बघता बघता फुगू लागली.

“आला गो बाय, आला!” वेणूबाई टाळ्या पिटत ओरडली. “बघ कसा आला!”

“दारं फुटलं!” राजाबाई म्हणाली, आणि खाली फरशीवर बसकण मारली.

ज्ञानूचं पोट सैल होत गेलं तसा त्याचा चेहरा सैल होत गेला. त्यानं डोळे मिटले. दारात रिक्षावाला वाकून बघत होता. “क्या हुआ मावशी, जाना है के नहीं?”

“नाय जायाचा!” वेणूबाईनं त्याला सांगितलं. “चाय पी नि जा. तुजे पायगुनानी पानी आला.”

रिक्षावाल्यानं खरंच चहा घेतला. नंतर राजाबाईनं पिशवी ओतली, मोरीत पाणी घातलं, हात धुतले, आणि तांब्या घेऊन खाटेवर बसली.

“आता प्या.”

ज्ञानू तिच्या हाताकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीत उतरत होतं. “राजे, तुला ह्ये काढावं लागतंय. ह्येच्यासाठी का मी...”

“लेकरांचं काढलं. तुमच्या आईचं काढलं, ती अंथरुनाला खिळली तवा. तेच हात धुऊन देवाला फूल वाह्यलं, देवानं कदी माघारी फेकलं न्हाई. तुमचं तेवढं येगळं हाय व्हय? प्या. घोट घोट न्हाई, तांब्या रिता करा.”

त्यानं तांब्या रिता केला. मग आणखी एक. रात्रभर तो पाणी पीत राहिला आणि ती पिशवी बघत राहिली. चटईवर पडून तिनं एक हात वर नळीला लावून ठेवला होता. ऊब लागली की समजायचं, वाहतंय. मांडवात वीणेकरी बदलले, आवाज बदलले, नाम तेच. पिशवीतला रंग हळूहळू निवळत गेला. आधी बिटाच्या पाण्यासारखा, मग कोकमासारखा, आणि खाडीच्या अंगाला फटफटलं तेव्हा नुसता फिक्या कोऱ्या चहासारखा. त्या रंगाकडं बघून त्या बाईला जो आनंद झाला, तो भरल्या शेताकडं बघूनही तिला कधी झाला नव्हता.

सकाळी नामा आला. वेणूबाईनं त्याला दारातच सगळं ऐकवलं होतं, आगरी बोलीतल्या ठेवणीतल्या शब्दांसकट. तो आत आला तो कान धरूनच.

“काकी, मी आपलं... माल भुईला...”

“कान सोड आन खांदा दे,” राजाबाई म्हणाली. “मांडवापर्यंत जायाचंय. हळू. झटका बसता कामा नये.”

ज्ञानूनं धुवट धोतर नेसलं, डोक्याला पटका बांधला, गळ्यात टाळ घातले. राजाबाई म्हणाली, “पिशवी झाकून धरू का पदराखाली?” आणि स्वतःच मान हलवली. “न्हाई. पदराखाली धरली की पीळ पडतो.” तिनं ती सरळ हातात घेतली, गुडघ्याच्या खाली, सगळ्यांना दिसेल अशी.

मांडव हाकेच्या अंतरावर. एरवी ज्ञानू पाठीवर पोतं घेऊनही तेवढं धावत गेला असता. त्या दिवशी वालाच्या शेताचा बांध धरून ते पाऊल पाऊल चालले. एका बाजूला नामा, दुसऱ्या बाजूला राजाबाई. बाया ओट्यावरनं बघत होत्या. मधनंच ज्ञानू थांबायचा, दम घ्यायचा. राजाबाई थांबायची. कुणी बघून न बघितल्यासारखं केलं, तर ती मुद्दाम त्याला ‘रामकृष्णहरी’ घालायची.

मांडवाच्या तोंडाशी हौसेराव बुक्क्याचं तबक घेऊन उभे. आत बुवा उभे राहिले होते, पखवाजी पखवाजाला कणीक लावत होता. हौसेरावांनी ज्ञानूला बघितलं, पिशवी बघितली, आणि दारात आडवे झाले.

“वैनी, काल सांगितलं हुतं.”

“सांगितलं हुतं. आमी ऐकलं हुतं. आमी आलो.”

“आवं, इटाळ हुतोय मांडवाला! मूत हाय त्यात!”

आता मांडवातली माणसं वळून बघायला लागली. ज्ञानूची मान खाली गेली. त्यानं हलकेच म्हटलं, “राजे, चल माघारी.” ते ऐकलं आणि राजाबाईनं जो आवाज काढला, तो वेणूबाईच्या तोडीचा होता.

“मूत हाय, व्हय! न्हाई कोन म्हंतंय? आन ह्यो समदा मांडव काय गंगाजलानं भरलाय? मुकादम, ज्याच्या पोटात मूत न्हाई त्यानं म्होरं यावं आन आमाला आडवावं. ह्येंची पिशवी भायेर हाय, तुमची आत हाय. तुमी ती घिऊनच रोज वीनंपुढं हुबं ऱ्हाताय. आत हाय तवर सोवळं आन भायेर दिसली की इटाळ? देवाला काय आतलं दिसत न्हाई व्हय?”

पखवाजीचा हात कणकेतच राहिला. आणि मग बायकांच्या बाजूनं वेणूबाई फस्सकन हसली. तिच्यामागं दुसरी. हसू बायकांतनं पुरुषांत गेलं, टाळकऱ्यांत गेलं, बुवांनी उपरणं तोंडाला लावलं. टिंगलीचं हसू नव्हतं ते. माणसांना आपलं माणूसपण एकदम आठवलं की जसं हसू येतं, तसं होतं.

हौसेराव तेवढे हसले नाहीत. तबक धरून तसेच उभे. पण ज्ञानूनं आता मान वर केली होती. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं आणि कपाळ मुकादमांच्या समोर धरलं. वाकला नाही, विनवलं नाही. नुसतं कपाळ धरून उभा राहिला. मागं रांग लागली होती, आत बुवा खोळंबले होते. हौसेरावांचा अंगठा तबकावर घुटमळला. मग त्यांनी बुक्का घेतला आणि लावला. लावला तो जरा जोरातच.

ज्ञानू बुवांच्या उजव्या हाताला गेला. उभं राहायचं नव्हतं म्हणून नामानं तिथं घडीचं बारदान रचून बसायला केलं. राजाबाई त्याच्या पायाशी बसली, पिशवी खाली मांडीशी धरून. बुवांनी ‘पुंडलिक वरदे’ म्हणून हाळी दिली, आणि पहिला टाळ वाजला तो ज्ञानूचा. त्या दिवशीच्या कीर्तनाचं काय वर्णावं! खाडीचा वारा मांडवाच्या कापडात भरत होता, बुवांचा आवाज त्याच्यावर स्वार झाला होता, आणि बसल्या जागी ज्ञानूचे खांदे असे उसळत होते की नामा मागनं “तात्या, जपून, नळी, नळी” म्हणून कुजबुजत होता. कीर्तनाच्या मध्यावर पिशवी भरली. राजाबाई उठली, बायकांनी हातोहात बादली पुढं केली, तिनं आडोशाला ओतली, हात धुतले, परत येऊन बसली. कुणाचं नाम तुटलं नाही.

हंडी फुटली, काला वाटला गेला, मांडव मोकळा होऊ लागला. ज्ञानूभोवती टोळीचे गडी जमले होते. राजाबाई द्रोणातल्या लाह्या चाटून पुसून खात होती. तेवढ्यात कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. हौसेराव. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि घसा खाकरून अगदी हळू, इतक्या हळू की शेजारचा खांबही ऐकणार नाही, विचारलं, “वैनी, त्ये... आपरेशन लई दुखतंय का वं?”

राजाबाईनं मान वर केली. एवढा मोठा मुकादम, पण उभा राहिला होता तो पायावर पाय आवळून, शाळेतल्या पोरासारखा. रात्रीतनं किती वेळा उठत असेल बिचारा, कोण जाणे. तिला सगळं कळलं. टोमणा अगदी जिभेवर आला होता. तिनं तो लाह्यांबरोबर गिळला.

“दुखतं की, मुकादम,” ती तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली. “पर काल्याला येता येतं.”

संपली गोष्ट. आता उठा, पाय मोकळे करा. एवढंच मागणं आहे: पुढच्या वेळी कीर्तनात बुवा हाळी देतील, तुमचे हात जोडले जातील, तेव्हा देवाच्या नावाबरोबर एकदा राजाबाईची आठवण काढा.